कोयनेच्या पाण्यात प्रवाळ का नाही?

कराडहून चिपळूणच्या रस्त्याला लागले की मल्हारपेठ, नवारस्ता मागे पडतात आणि चाळीसेक किलोमीटरवर पाटण येते. या वाटेवर कोयना फारशी लांब जात नाही. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी सह्याद्रीच्या रांगेला समांतर दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ काटकोनात वळून पूर्वेची वाट धरते, पाटणला केरा नदीला पोटात घेते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. पाटणला येणारे लोक दातेगडावरची तलवारीच्या आकाराची विहीर पाहतात, सडावाघापूरचा उलटा धबधबा पाहतात, पुढे कोयनानगरला धरण पाहतात. नदीच्या तळाचा दगड उलटून पाहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो उलटला तर मात्र शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत मिटवलेला एक प्रश्न समोर येतो. प्रवाळ आणि स्पंज हे समुद्राचे प्राणी म्हणून आपण शिकतो. मग गोड्या पाण्यात ते राहू शकतात का? स्पंज राहतात, प्रवाळ राहत नाहीत, एवढे उत्तर सरळ आहे. पण प्रवाळ का राहत नाहीत, याचे जे कारण सर्रास सांगितले जाते, ते कोयनेच्या खोऱ्यातच लंगडे पडते. म्हणून हा प्रश्न जिथे प्रवाळ आहेत त्या मालवणच्या किनाऱ्यावर बसून सोडवण्यापेक्षा पाटणला सोडवणे बरे.

आधी स्पंज. गोड्या पाण्यातल्या स्पंजांचा भारतातला अभ्यास महाराष्ट्रातच सुरू झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हेन्री जॉन कार्टर नावाचा एक लष्करी डॉक्टर मुंबईत होता. मुंबई बेटावरच्या तळ्यांत वाढणारे स्पंज त्याने १८४०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि त्यांच्या अनेक जाती जगापुढे मांडल्या. स्पंज ही वनस्पती की प्राणी, हा वाद तेव्हा पुरता मिटला नव्हता, आणि कार्टरच्या लेखनाचा रोख तो प्राणी असल्याचे दाखवण्याकडे होता. पुढे कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधले नेल्सन ॲनंडेल यांनी १९११ साली भारतातल्या गोड्या पाण्याच्या स्पंजांवर पुस्तकच लिहिले. त्यातली कॉर्व्होस्पाँजिला लॅपिडोसा ही दगडासारख्या कडक पापुद्र्याची जात इगतपुरीच्या तलावातली. अलीकडे, २०१३ साली, पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयातल्या अभ्यासकांनी पुणे परिसरातल्या पाच जातींची नोंद प्रसिद्ध केली. जगात स्पंजांच्या नऊ हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या दोनशेहून थोड्या अधिक गोड्या पाण्यातल्या. समुद्राच्या मानाने हा वाटा लहानच. पण अंटार्क्टिका सोडले तर प्रत्येक खंडावर तो पोचला आहे.

हा स्पंज दिसतो कसा, हे सांगितले पाहिजे, कारण न्हाणीघरातल्या स्पंजाची आठवण ठेवून शोधायला गेलेला माणूस हात हलवत परत येतो. बंधाऱ्याच्या भिंतीवर, पुलाच्या खांबाला, पाण्यात पडलेल्या फांदीवर किंवा दगडाच्या खालच्या सावलीतल्या अंगाला करडा, मातकट, कधी हिरवट थर बसलेला असतो. जाडी बहुधा बोटाएवढीही नसते. पहिल्या नजरेला ते शेवाळ वाटते. पण शेवाळ हाताला बुळबुळीत लागते आणि हा थर खरखरीत. जवळून पाहिले तर त्यावर बारीक भोके दिसतात आणि मधूनमधून एखादे मोठे छिद्र. बारीक भोकांतून पाणी आत जाते, त्यातले जिवाणू आणि सूक्ष्म कण गाळले जातात आणि मोठ्या छिद्रातून पाणी बाहेर पडते. वासही उग्र असतो. चिमटीत चुरगाळला तर बोटांना खाज सुटते, कारण त्याच्या अंगात काचेच्या सूक्ष्म सुया असतात. या सुयांना कंटिका म्हणतात आणि त्या सिलिकाच्या असतात. ही सिलिका नदीतूनच येते. पाटणभोवतीचे सगळे डोंगर बेसॉल्टचे, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे. पावसाच्या पाण्याने हा खडक झिजतो तेव्हा त्यातली सिलिका विरघळून ओढ्यानाल्यांत उतरते. समुद्राच्या वरच्या थरात सिलिका फार थोडी असते, कारण डायटम नावाची सूक्ष्म शैवले ती वापरून टाकतात. काळ्या दगडाच्या मुलखातल्या नद्यांत ती भरपूर असते. म्हणजे सांगाडा बांधायच्या मालाचा विचार केला तर सह्याद्रीतला ओढा स्पंजाला समुद्रापेक्षाही सोयीचा.

आता प्रवाळ. प्रवाळ न राहण्याचे नेहमीचे कारण म्हणजे मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि बहुतेक प्रवाळांच्या पेशी त्याच खारेपणाशी जुळलेल्या असतात. कोयनेच्या लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅमही क्षार निघायचे नाहीत. तासगावचा बेदाणा पाण्यात टाकला की फुगतो, तेच प्रवाळाच्या पेशींचे होते: बाहेरचे पाणी आत शिरते, पेशी ताणतात आणि शेवटी फुटतात. माशांना मूत्रपिंड असते, ते आत आलेले जादा पाणी बाहेर टाकते. प्रवाळाला असा अवयव नाही. म्हणून गोडे पाणी म्हणजे मरण. यात चूक काहीच नाही, पण हे कारण पुरे पडत नाही. स्पंजाला तरी मूत्रपिंड कुठे असते? त्याच्या पेशींत आकुंचन पावणाऱ्या लहान पिशव्या असतात, त्या पाणी गोळा करून बाहेर फेकत राहतात. कोणी म्हणेल, स्पंज हा वेगळ्या कुळातला प्राणी, त्याचे उदाहरण प्रवाळाला लागू पडत नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणून प्रवाळाच्या कुळातलाच साक्षीदार हवा, आणि तो याच खोऱ्यात सापडलेला आहे.

१९११ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणारे शंकर पुरुषोत्तम आघारकर सातारा जिल्ह्यातल्या सह्याद्रीत फिरत होते. तिथल्या वाहत्या गोड्या पाण्यात त्यांना जेलीफिश सापडले. तोवर गोड्या पाण्यातले या जातकुळीचे जेलीफिश आफ्रिकेतच माहीत होते, टांगानिका सरोवरासारख्या ठिकाणचे. ॲनंडेल यांनी १९१२ साली आघारकरांच्या नमुन्यांवरून लिम्नोक्निडा इंडिका ही नवी जात वर्णन केली. त्याच वर्षी एफ. एच. ग्रेव्हली आणि आघारकर यांनी तिच्या सवयी आणि प्रसार यांवर लेख लिहिला. कोयना आणि वेण्णा या कृष्णेच्या उपनद्यांची खोरी हे तिचे घर. लहान, पारदर्शक घंटा, कडेला बारीक शुंडकांची झालर. उन्हाळ्यात डोहांचे पाणी संथ आणि नितळ असते तेव्हा ती दिसते, पावसाळ्याचा लोंढा आला की दिसेनाशी होते. जेलीफिश, हायड्रा आणि प्रवाळ हे सगळे आंतरगुही प्राण्यांचेच गोत्र: दंशपेशी, शुंडके, एकच तोंड असलेली पोकळी, दोन थरांचे शरीर, सगळे सामाईक. आघारकर जन्माने मालवणचे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ पाहायला लोक जिथे जातात, त्या गावच्या माणसाने प्रवाळाचा भाऊबंद शोधला तो घाटमाथ्यावरच्या गोड्या पाण्यात. पुढे ते कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९४६ साली त्यांनी पुण्यात उभी केलेली संस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. पण पाटणकडच्या शाळांत हा जेलीफिश कोणी शिकवत असेल असे वाटत नाही, आणि ही गोष्ट खटकते.

तर आंतरगुही शरीराला गोडे पाणी मुळातच वर्ज्य नाही. हायड्रा तर गावोगावच्या तळ्यांत असतो. पेशींत शिरलेले पाणी तो पोटातल्या पोकळीत सोडतो आणि अंग आकसून तोंडावाटे बाहेर काढतो. मग प्रवाळ कशाने अडतो? दुसरे कारण चुन्याचे सांगतात. प्रवाळाचा सांगाडा चुन्याचा, आणि समुद्राच्या लिटरभर पाण्यात कॅल्शियम सुमारे ४०० मिलिग्रॅम. जगातल्या नद्यांची सरासरी त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या आसपास. कोयनेसारख्या पावसाळी नदीत भिंती उभारायला एवढा माल कुठून मिळणार, असे वाटते. पण नदीच्या वाळूत हात घातला की शिंपले आणि गोगलगाईंचे शंख हाती लागतात. ते चुन्याचेच असतात. कृष्णा-कोयनेच्या पाण्यात शिंपला घर बांधू शकतो, तर चुना कमी आहे हे कारण प्रवाळाचा वेग कमी होण्याचे ठरेल, प्रवाळ मुळीच नसण्याचे नव्हे. तिसरे कारण उजेडाचे. प्रवाळाच्या अंगात राहणारी शैवले त्याला अन्न पुरवतात, त्यांना सूर्यप्रकाश लागतो आणि पावसाळ्यातली कोयना गढूळ असते. यावर फार वेळ घालवायला नको. खोल समुद्रात मिट्ट काळोखात, शैवलांशिवाय वाढणारे प्रवाळ कितीतरी आहेत.

खरे कारण, माझ्या मते, नदीच्या वर्षात आहे. कोयनेच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मिळून काही ठिकाणी पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस कोसळतो. तेव्हा ओढा दगड-धोंडे लोटत नेतो. एप्रिल-मेमध्ये त्याच ओढ्याचे डबके होते, डबक्याचा चिखल होतो आणि चिखलालाही भेगा पडतात. इथे राहायचे तर वर्षातले काही महिने न जगता टिकून राहायला आले पाहिजे. स्पंजाला ते येते. पाणी आटू लागले, दिवस वाईट आले की त्याच्या अंगात मोहरीपेक्षाही बारीक, पिवळसर गोळ्या तयार होतात. यांना जेम्यूल म्हणतात. आत अन्नसाठ्याने भरलेल्या पेशी, भोवती चिवट कवच, कवचात पुन्हा खास आकाराच्या कंटिका, आणि एका बाजूला बंद केलेले छोटे दार. मूळ स्पंज मरून, वाळून, भुगा होऊन उडून जातो. गोळ्या दगडाला चिकटून उन्हात तापत राहतात. पाणी आले की दार उघडते, आतल्या पेशी बाहेर पडतात आणि नवा स्पंज बसतो. मुंबईच्या ज्या तळ्यांत कार्टर स्पंज गोळा करी, त्यांतली काही उन्हाळ्यात कोरडी पडत. कोरड्या तळ्यात पुन्हा पाणी भरले की पुन्हा स्पंज येत असे, ते या गोळ्यांमुळे. हायड्रा जाड कवचाची अंडी घालतो. गोड्या पाण्यातल्या जेलीफिशांची चिमुकली, नजरेत न भरणारी अवस्था तळाशी चिकटून राहते आणि पोहणारी घंटा सोयीच्या ऋतूत तेवढी सोडली जाते.

प्रवाळाकडे यांतले काहीच नाही. त्याची वसाहत दशकानुदशके, काही ठिकाणी शतकानुशतके एकाच जागी वाढते, आणि या सगळ्या काळात पाणी साधारण एकसारखे राहील हे तिने गृहीत धरलेले असते. मिटून बसायची, कवचात जायची अवस्था तिच्या आयुष्यात नाही. पुष्कळ जाती अंडी आणि शुक्राणू थेट पाण्यात सोडतात. उघड्यावर सोडलेली ती नाजूक पेशी गोड्या पाण्यात घटकाभरही टिकणार नाही. म्हणजे मीठ हा एक अडसर आहे, पण त्याच्यामागे अडसरांची रांग आहे. ज्या प्राण्यांनी गोड्या पाण्यात पाऊल टाकले, त्यांना पाणी बाहेर फेकणे आणि वाईट काळात थांबणे ही दोन्ही कामे एकदम साधावी लागली. प्रवाळाला दोन्ही साधली नाहीत.

यावर एक जोरकस आक्षेप येतो. सगळे गोडे पाणी काही पाटणच्या ओढ्यासारखे लहरी नसते. टांगानिका सरोवर लाखो वर्षे आटलेले नाही. त्याचे पाणी उबदार, नितळ आणि चुन्याने समृद्ध आहे. तिथे जाड शंखांच्या गोगलगाई आहेत, जेलीफिश आहेत. तिथे तरी प्रवाळ का नाही? मला वाटते, सरोवर स्थिर असले तरी तिथे जायची वाट नद्यांतूनच आहे. समुद्रातून निघालेला प्राणी आधी खाडीत, मग नदीत, मग सरोवरात पोचणार, आणि नदीची परीक्षा चुकवून आत जायला दुसरा दरवाजा नाही. या म्हणण्याला सायबेरियातल्या बैकल सरोवराचा आधार आहे. तिथे लुबोमिर्स्किया नावाचे हिरवे स्पंज आहेत. त्यांच्या फांद्या मीटरभर उंच होतात आणि छायाचित्रात पाहणारा ते प्रवाळच समजतो. गंमत अशी की हे बैकलचे स्पंज जेम्यूल बनवत नाहीत. पण आनुवंशिक अभ्यासातून दिसते ते असे की त्यांचे पूर्वज नदी-तळ्यांतल्या, जेम्यूल बनवणाऱ्या साध्या स्पंजांपैकीच होते. नदी ओलांडेपर्यंत ती शिदोरी लागली. न आटणाऱ्या सरोवरात स्थिरावल्यावर ती सुटली. प्रवाळाजवळ ती शिदोरी कधी नव्हतीच.

दुसरा आक्षेप किनाऱ्यावरचे लोक घेतील. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या प्रवाळांवर दर पावसाळ्यात गोडे पाणी पडते, तरी ते जगतात. खरे आहे. काही प्रवाळ थोडा काळ खारेपणातली घट सोसतात. पण सोसणे वेगळे आणि राहणे वेगळे. ऑस्ट्रेलियात १९९१ साली फिट्झरॉय नदीचा पूर केपेल बेटांपर्यंत पोचला आणि तिथले उथळ पाण्यातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले. हवाईच्या कानेओहे उपसागरातही अतिवृष्टीनंतर असेच घडले आहे. प्रवाळांचे आणखी जवळचे नातेवाईक म्हणजे समुद्रफुले. त्यांतल्या काही जाती खाडीच्या निमखाऱ्या पाण्यापर्यंत आत आल्या आणि तिथेच थांबल्या. पाटणच्या बाबतीत तर अंतराची सबबही चालत नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे बरेचसे पाणी पूर्वेला न जाता बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरते, वीज करून वाशिष्ठीत जाते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत अरबी समुद्राला मिळते. कोयनेचे पाणी आणि समुद्र यांच्यामध्ये आता एक घाट उतरण्याएवढेच अंतर आहे. तरी खाडीच्या तोंडापासून वर येताना पाणी गोडे होत जाते, तिथे प्रवाळाची हद्द संपते.

डोंगरात सापडलेला पांढरा, फुलोऱ्यासारखा दगड दाखवून हा प्रवाळाचा जीवाश्म आहे, म्हणजे इथे पूर्वी समुद्र होता, असे सांगणारेही भेटतात. तो झिओलाइटचा नाहीतर गारेचा स्फटिक असतो; लाव्ह्यातल्या पोकळ्यांत असे गुच्छ बनतात. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी या भागात खोल विंधनछिद्रे घेतली आहेत. रासाटीजवळच्या छिद्रात सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक. मध्ये समुद्री गाळाचा थर नाही. पाण्यातल्या दगडांवर फांद्याफांद्यांचे जाळे दिसले तर तेही प्रवाळ नव्हे. ते बहुधा ब्रायोझोआ, म्हणजे शेवाळप्राणी. त्यांची एक जात मुंबईच्या त्याच कार्टरच्या नावाने ओळखली जाते.

आघारकर फिरले त्या खोऱ्याचा मोठा भाग १९६०च्या दशकात शिवसागराखाली गेला. वाहत्या पाण्याच्या आणि डोहांच्या जागी खोल, साचलेले पाणी आले. वरच्या अंगाचे ओढे मात्र अजून आपले जुने वर्ष पाळतात. मे महिन्यात पाटणला गेलात तर बंधाऱ्याखाली पाणी उतरलेल्या जागी दगडाची खालची बाजू पाहा. खरखरीत थर आणि त्यात पिवळसर गोळ्या दिसल्या तर तो स्पंज. डोहात घंटेसारखे काही पारदर्शक धडधडताना दिसले तर ठिकाण आणि तारखेसह छायाचित्र काढा आणि पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिकडे पाठवा. आणि दगड पुन्हा होता तसाच, खालची बाजू खाली करून ठेवा.